वारसा, वहिवाट आणि राज्यक्रांती : एडमंड बर्कच्या ग्रंथाची पेंग्विन आवृत्ती

ब्रिटिश पार्लमेंटचा आयरिश सदस्य एडमंड बर्क याचा ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्युशन इन फ्रान्स’ (फ्रान्समधील राज्यक्रांतीविषयीचे चिंतन) हा ग्रंथ १ नोव्हेंबर १७९० रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी सोळावा लुई अजून गादीवर होता, गिलोटिनचा वापर सुरू झालेला नव्हता आणि इंग्लंडमधील पुष्कळ सुशिक्षित मंडळी पॅरिसमधील बॅस्तीय या तुरुंग-किल्ल्याच्या पाडावाबद्दल समाधान व्यक्त करत होती. १७९३-९४ मधील दहशतीचा काळ, म्हणजे क्रांतिकारक सरकारने केलेले शिरच्छेदांचे सत्र, पाहून हादरलेल्या माणसाने हे पुस्तक लिहिले असावे, अशा समजुतीने अनेक वाचक ते हाती घेतात. प्रत्यक्षात ते त्या काळाच्या तीनएक वर्षे आधीचे आहे आणि म्हणूनच त्यातील युक्तिवादाला रक्तपाताच्या पुराव्याचा आधार नाही. तो आधार बर्कने कायद्याकडून घेतला आहे. पुराणमतवादी राजकीय विचाराचा मूलग्रंथ म्हणून या पुस्तकाचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु त्याची भाषा, पुरावे मांडण्याची रीत आणि युक्तिवादाची घडण ही मुख्यतः मालमत्तेच्या दाव्यातील आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. कॉनॉर क्रूझ ओब्रायन यांनी संपादित केलेली पेंग्विन क्लासिक्स मालिकेतील आवृत्ती वाचताना ही बाब मला सतत जाणवत राहिली, आणि त्या आवृत्तीचे गुणदोष मी याच अंगाने तपासले आहेत.

पुस्तकाची रचना वाचकाच्या चिकाटीची परीक्षा पाहणारी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. शार्ल-जाँ-फ्रान्स्वा दपाँ या पॅरिसमधील तरुणाने क्रांतीविषयी बर्कचे मत विचारले होते. त्याला लिहिलेले उत्तर वाढत वाढत ग्रंथाएवढे झाले आणि बर्कने पत्राचे रूप शेवटपर्यंत कायम ठेवले. त्यामुळे पुस्तकात प्रकरणे नाहीत आणि उपशीर्षकेही नाहीत. लेखक एका विषयावरून दुसऱ्या विषयावर जातो, मध्येच संतापतो, मध्येच जमाखर्च मांडतो आणि कितीतरी पानांनंतर मूळ मुद्द्यावर परत येतो. तरीही प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या पाच आठवड्यांत या पुस्तकाच्या सुमारे १३,००० प्रती खपल्या. त्या काळच्या ग्रंथव्यवहारात ही संख्या असाधारण होती. संपादकाने निदान पानांच्या माथ्यावर विषय दर्शवणाऱ्या ओळी घालायला हव्या होत्या असे मला वाटते, कारण एखादा उतारा पुन्हा शोधायचा म्हटले की अर्धे पुस्तक चाळावे लागते.

लेखनाचे तात्कालिक निमित्त होते रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाचे प्रवचन. ४ नोव्हेंबर १७८९ रोजी लंडनच्या ओल्ड ज्यूरी भागातील प्रार्थनागृहात बोलताना प्राइस यांनी असे प्रतिपादन केले होते की, १६८८ च्या राज्यक्रांतीने इंग्रज जनतेला आपले राज्यकर्ते निवडण्याचा, गैरवर्तन केल्यास त्यांना पदच्युत करण्याचा आणि स्वतःसाठी राज्यव्यवस्था घडवण्याचा हक्क मिळवून दिला. याला उत्तर देताना बर्क तत्त्वज्ञानाच्या वाटेला जात नाही. तो दप्तर उघडतो. १६८९ चे हक्कांचे घोषणापत्र, राजगादीच्या वारसाक्रमाविषयीचा १७०१ चा कायदा, १६२८ चा हक्कांचा अर्ज आणि शेवटी १२१५ ची मॅग्ना कार्टा ही सनद असे एकामागून एक कागद तो पुढे ठेवतो आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट दाखवून देतो. इंग्रजांनी आपले स्वातंत्र्य ‘मानवाचे हक्क’ म्हणून कधी मागितले नाही. पूर्वजांकडून आलेली मिळकत म्हणून मागितले.

या भागातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. एडवर्ड कोकपासून ब्लॅकस्टोनपर्यंतचे कायदेपंडित मॅग्ना कार्टाचा संबंध पहिल्या हेन्रीच्या सनदेशी जोडतात आणि या दोन्ही सनदा म्हणजे त्याहून जुन्या कायद्याचा पुनरुच्चार होय असे सांगतात, हे बर्क नमूद करतो. या वंशावळीतले काही दुवे कच्चे असतील, हेही तो मान्य करतो. मात्र लगेच तो सांगतो की, पंडितांचा तपशील चुकला असला तर आपले म्हणणे उलट अधिक बळकट होते. कारण आपल्या हक्काला जुना आधार असलाच पाहिजे ही ओढ इंग्रज कायद्याच्या मनात किती खोल रुजली आहे, तेच त्यातून दिसते. इतिहासकाराला हा युक्तिवाद संतापजनक वाटेल. वकिलाला तो लगेच समजेल, कारण न्यायालयात जुनेपणाचा दावा हा भूतकाळाच्या वर्णनापेक्षा वर्तमानातील हक्काला संरक्षण मिळवण्यासाठी केलेला असतो.

येथून पुढे पुस्तकाचा कणा असलेली कल्पना येते. स्वातंत्र्य, राजगादी, सरदारांची सभा, लोकसभा आणि सामान्यांचे विशेषाधिकार ही सारी एका कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असून प्रत्येक पिढी तिची तात्पुरती धारक आहे, असे बर्क मांडतो. धारकाने मिळकतीचा उपभोग घ्यावा, दुरुस्ती करावी, भर घालावी. परंतु ती उधळू नये आणि पाडूनही टाकू नये. समाज हा एक करार आहे हे त्यालाही मान्य आहे, पण मिरी, कॉफी, सुती कापड किंवा तंबाखूच्या व्यापारातील भागीदारीसारखा तो मन मानेल तेव्हा मोडता येणार नाही, असे तो बजावतो. जिवंत माणसे, मृत माणसे आणि अजून जन्माला यायची माणसे अशी तिघांची ही भागीदारी आहे. मराठी वाचकाला हे वाचताना मिताक्षरेची, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या टीकेची, आठवण झाल्याशिवाय राहत नाही. विज्ञानेश्वराने दायविभागाच्या विवेचनात एक वचन उद्धृत केले आहे. जे जन्मले आहेत, जे अजून जन्मायचे आहेत आणि जे गर्भात आहेत त्या सर्वांना उपजीविका हवी असते, म्हणून स्थावराचे दान किंवा विक्री करू नये, असा त्याचा आशय आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिणारा टीकाकार आणि अठराव्या शतकातील आयरिश खासदार यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु कुटुंबाच्या मिळकतीचा विचार करणारे कायदेपंडित कोठेही असले तरी अजून न जन्मलेल्या वारसाला दाव्यात पक्षकार करतात, एवढे यावरून दिसते. बर्कचे वेगळेपण असे की, तो हा नियम शेतीवाडीवरून उचलून संपूर्ण राज्यव्यवस्थेला लावतो.

वारशाच्या जोडीला दुसरी कायदेशीर कल्पना येते ती दीर्घ वहिवाटीची. एखादी जागा कोणी मुळात कशी मिळवली याचा शोध ठरावीक मुदतीनंतर घेऊ नये, अखंड आणि निर्वेध वहिवाट हाच हक्काचा पुरावा मानावा, हे तत्त्व जगातील बहुतेक कायदेपद्धतींमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात असते. २ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने चर्चची सर्व मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि पुढे त्या मालमत्तेच्या तारणावर ‘असिन्या’ हे कागदी चलन काढले. बर्कचा सगळ्यांत तीव्र संताप या घटनेवर आहे. मठांच्या जमिनी मुळात राजांच्या लहरीतून किंवा भोळ्या भाविकांच्या भीतीतून मिळाल्या असतील, तरी शतकानुशतकांच्या वहिवाटीने त्या कायदेशीर झाल्या आहेत, आणि आज धर्मगुरूंची वहिवाट मोडणारी सभा उद्या कोणाचीही मोडेल, असा त्याचा मुद्दा आहे. कर्ज देणाऱ्या सावकारांचे पैसे फेडण्यासाठी जमीनधारकांची मालमत्ता काढून घेणे हा एका वर्गाने दुसऱ्या वर्गावर घातलेला दरोडा आहे, असे तो जवळजवळ उघडच म्हणतो. पुराणमतवादी विचारात मालमत्तेच्या हक्काला जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे मूळ लोभात किंवा श्रीमंतांच्या खुशामतीत आहे असे मानणाऱ्यांनी ही पाने अवश्य वाचावीत. तेथे मालमत्ता म्हणजे सत्तेला ओलांडता न येणारी पहिली रेषा आहे. अर्थात ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी ही रेषा कोठे आखायची, याचे उत्तर त्या पानांत सापडत नाही.

फ्रान्सचे जुने प्रांत मोडून ८३ विभाग पाडण्याच्या योजनेवर त्याने केलेली टीका आजही वाचनीय आहे. माणसाची निष्ठा नकाशावरील चौकोनाला चिकटत नाही, ती घर, शेजार आणि प्रांत अशा पायऱ्यांनी वर चढत जाते, हे त्याचे निरीक्षण आहे. त्यानंतरची चलन, करवसुली आणि सैन्यव्यवस्था यांची पाने मात्र सर्वसाधारण वाचकाने भराभर उलटली तरी हरकत नाही. फक्त सैन्याविषयीच्या भागात एका ठिकाणी थांबावे. शिस्त मोडलेले सैन्य शेवटी एखाद्या लोकप्रिय सेनापतीच्या हाती जाईल आणि तोच राष्ट्रीय सभेचा धनी होईल, असे तेथे लिहिले आहे. नोव्हेंबर १७९९ मध्ये बोनापार्टने सत्ता हाती घेतली, तेव्हा बर्कला जाऊन दोन वर्षे झाली होती.

राणी मारी आंत्वानेतविषयीचा प्रसिद्ध उतारा हा या पुस्तकाचा दुबळा भाग आहे, असे माझे मत आहे. तिच्या बचावासाठी दहा हजार तलवारी म्यानातून उसळायला हव्या होत्या, असे तेथे म्हटले आहे. गद्य म्हणून तो भाग डौलदार आहे, पण भारतातील कारकिर्दीमुळे आपल्याला परिचित असलेला त्याचा मित्र फिलिप फ्रान्सिस याने छपाईपूर्वी तो वाचून नापसंती कळवली होती, ती योग्यच होती. क्रांतीचा पुरस्कर्ता लेखक थॉमस पेन याने १७९१ मध्ये जे उत्तर लिहिले, त्यात याच उताऱ्यावर नेम धरला: बर्कला पिसाऱ्याची कीव येते, मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो. पेनचा खरा प्रतिवाद मात्र वारशाच्या कल्पनेवर आहे. मेलेल्या माणसांनी जिवंतांवर राज्य करावे हा अधिकार त्यांना कोणी दिला, हा त्याचा प्रश्न बर्कच्या सगळ्या दस्तऐवजांना एका फटक्यात बाजूला सारतो, आणि त्याला बर्ककडून समाधानकारक उत्तर कधी मिळाले असे मला वाटत नाही.

त्याहून धारदार उत्तर इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट हिचे होते, आणि ते सर्वांत आधी, म्हणजे नोव्हेंबर १७९० मध्येच, आले. इंग्रजांच्या ज्या स्वातंत्र्याचे बर्क गोडवे गातो ते म्हणजे मालमत्तेची सुरक्षितता एवढेच आहे. त्याच इंग्लंडमध्ये गरीब माणसाला रस्त्यावरून पकडून बळजबरीने आरमारात नेले जाते, त्याच्या स्वातंत्र्याची मिळकत कोणत्या सनदेत नोंदवली आहे, असा तिचा रोख आहे. शिवाय ती दाखवून देते की, जुनेपणा हाच हक्काचा आधार मानला तर गुलामगिरीलाही कायमचे संरक्षण द्यावे लागेल. तिसरे उल्लेखनीय उत्तर जेम्स मॅकिंटॉश या तरुण स्कॉटिश लेखकाने १७९१ मध्ये लिहिले. पुढे त्याचे मत पालटले आणि १७९६ मध्ये तो बर्कच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. हाच मॅकिंटॉश १८०४ मध्ये मुंबईच्या न्यायालयाचा रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, होऊन आला आणि त्याच वर्षी त्याने स्थापन केलेली लिटररी सोसायटी आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणून टाउन हॉलमध्ये उभी आहे. या वादाचा एक धागा आपल्या हॉर्निमन सर्कलपर्यंत पोहोचला होता, हे मुंबईकर वाचकांना क्वचितच माहीत असते.

आता पुस्तकाच्या मर्माकडे वळतो. बर्क बदलाचा शत्रू आहे हा आरोप मजकूर न वाचताच केला जातो. ज्या राज्याजवळ काही प्रमाणात बदल करण्याचे साधन नाही, त्याच्याजवळ स्वतःला टिकवून धरण्याचेही साधन नाही, हे वाक्य याच पुस्तकातील आहे. १६८८ मध्ये दुसरा जेम्स गेला आणि विल्यम व मेरी आले, तेव्हा वारसाक्रमात झालेला बदल हा अगतिकतेने केलेला, शक्य तितका लहान आणि जुन्या कुटुंबाच्या चौकटीतच बसवलेला अपवाद होता, असे तो सांगतो. येथे त्याचा वकिलीपणा अति होतो. पार्लमेंटने राजा बदलला ही सरळ गोष्ट आहे, आणि तिला ‘अपवाद’ म्हणून गुंडाळून ठेवण्यासाठी त्याला जी कसरत करावी लागते ती वाचताना प्राइसची बाजू वाटते तितकी कच्ची नव्हती असे जाणवू लागते. तरीही बदलाची जी रीत तो सुचवतो तिच्यात तथ्य आहे. आपल्याकडील एकच उदाहरण देतो. एकत्र हिंदू कुटुंबातील मिळकतीत मुलींना वाटा नसल्याचा अन्याय दूर करताना केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ती पद्धत ठेवून मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे मिळकतीतील जन्मसिद्ध वाटेकरी, केले, आणि २००५ मध्ये केंद्रानेही हाच मार्ग धरला. यांपैकी कोणता मार्ग बर्कला पसंत पडला असता हे सांगण्याची गरज नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. बर्क ज्या कॉमन लॉच्या, म्हणजे रूढी आणि न्यायालयीन निवाड्यांतून घडलेल्या इंग्रज कायद्याच्या, भाषेत बोलतो, त्या कॉमन लॉने रूढीला मान्यता देताना केवळ वय पाहिलेले नाही. ब्लॅकस्टोन रूढीच्या वैधतेच्या ज्या कसोट्या देतो, त्यांत ती अनादी असावी, अखंड असावी, शांततेने उपभोगलेली असावी, निश्चित असावी यांबरोबरच ती वाजवीही असावी अशी अट आहे. जुनेपणा सिद्ध झाल्यावरही न्यायाधीशाने ‘ही रूढी विवेकाला धरून आहे काय’ असे विचारायचे असते. बर्क या पुस्तकात वयाची कसोटी मोठ्या हौसेने उचलतो आणि वाजवीपणाची कसोटी मागे ठेवतो. लोकांच्या जुन्या समजुतींत अप्रकट शहाणपण साठलेले असते, एकेका माणसाच्या बुद्धीची पुंजी तोकडी असल्यामुळे त्याने पिढ्यांनी जमवलेल्या भांडवलावर विसंबावे, हे त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. पण त्या साठ्यात नुसता अन्याय साठलेला असेल तर तो ओळखायचा कसा, याची रीत तो सांगत नाही.

ही अडचण पुस्तकी नाही. महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण आठवावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा लावला, आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे असे त्यात म्हटले. हा दावा दहा वर्षे चालून मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि वादींना रूढीचे अनादित्व सिद्ध करता आले नाही म्हणून तो फेटाळला गेला. निकाल न्याय्य होता. पण तो कोणत्या कसोटीवर लागला हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. समजा, वादींनी जुने कागद आणून अनादित्व सिद्ध केले असते तर? बर्कच्या या पुस्तकापुरते बोलायचे तर त्या प्रश्नाला उत्तर नाही.

असे असूनही डॉ. आंबेडकर बर्कचे दक्ष वाचक होते, आणि त्याचा उपयोग त्यांनी आपल्या पद्धतीने केला. जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या त्यांच्या लिखित भाषणात, खरा धर्म हा समाजाचा पाया आहे हे बर्कचे म्हणणे त्यांनी संमतीने दिले आहे. त्या भाषणाचा सगळा भर मात्र नियमांच्या धर्माचा त्याग करून तत्त्वांचा धर्म स्वीकारण्यावर आहे. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांनी बर्कच्या अमेरिकेविषयीच्या १७७५ च्या भाषणातील उतारा वाचून दाखवला: बळाने तात्पुरते नमवता येते, पण ज्या राष्ट्राला वारंवार जिंकावे लागते त्यावर राज्य केले असे म्हणता येत नाही. पुराणमतवाद्यांच्या आद्य पुरुषाला परंपरेच्या सर्वांत कठोर टीकाकाराने साक्षीला बोलवावे, यातच बर्क हा एका पक्षाच्या मालकीचा लेखक नसल्याचे दिसते. तसाही तो आयुष्यभर व्हिग, म्हणजे राजापेक्षा पार्लमेंटची बाजू उचलून धरणाऱ्या, पक्षाचा होता, आणि इंग्लंडमध्ये ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे पक्षाचे नाव रूढ झाले ते त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी.

ओब्रायन यांच्या दीर्घ प्रस्तावनेविषयी आता सांगायला हवे, कारण पेंग्विन आवृत्ती घ्यायची की नाही हे बहुतांशी तिच्यावरच ठरते. ओब्रायन हे आयरिश मुत्सद्दी, लेखक आणि पुढे आयर्लंडच्या सरकारातील मंत्री होते. ही आवृत्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीची असून शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेतील काही मंडळींनी बर्कला आपल्या मोहिमेचा झेंडा बनवल्याची नाराजी तिच्यात स्पष्ट दिसते. ओब्रायन यांचा सिद्धान्त असा आहे की बर्कला त्याच्या आयरिश पार्श्वभूमीशिवाय वाचता येत नाही. डब्लिनमध्ये १७२९ मध्ये जन्मलेल्या बर्कचे वडील प्रॉटेस्टंट वकील होते, तर आई कॅथलिक घराण्यातील होती, आणि त्या काळच्या आयर्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्धचे दंडक कायदे लागू होते. या कायद्यांनी कॅथलिक कुटुंबाच्या जमिनीची सर्व मुलांत सक्तीने वाटणी होत असे, पण थोरल्या मुलाने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला की त्याला विशेष अधिकार मिळत असे. कायदा बापाविरुद्ध मुलाला आणि वारशाविरुद्ध सत्तेला कसा उभा करू शकतो, हे बर्कने घरच्या परिसरातच पाहिले होते. ही माहिती असल्यावर पॅरिसमधील सभेने चर्चच्या जमिनी घेतल्याबद्दलचा त्याचा आक्रोश वेगळा ऐकू येतो. तो दरबारी माणसाचा राहत नाही. प्रस्तावनेचा हा लाभ मोठा आहे.

तिचा दोषही त्यातच आहे. आयर्लंडवर एवढा प्रकाश टाकताना कॉमन लॉचा वारसा मागे पडतो. बर्क १७५० मध्ये कायदा शिकण्यासाठी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये दाखल झाला होता आणि वकिली न करताच त्याने ते शिक्षण सोडले. परंतु ते त्याच्या गद्यात शेवटपर्यंत राहिले. या अंगाचा अभ्यास इतिहासकार जे. जी. ए. पोकॉक यांनी १९६० मधील एका निबंधात केला आणि त्यांनीच संपादित केलेली हॅकेट प्रकाशनाची आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. परंपरा आणि कायदा हाच ज्यांचा विषय आहे, त्यांनी पेंग्विनऐवजी हॅकेटची प्रत घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जे. सी. डी. क्लार्क यांनी संपादित केलेली, २००१ मध्ये निघालेली स्टॅनफर्ड विद्यापीठाची आवृत्ती भरघोस टिपांची आहे, पण ती संशोधकांच्या उपयोगाची. एल. जी. मिचेल यांनी संपादित केलेली ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधील प्रत विद्यार्थ्यांना हाताळायला सोपी आहे.

कोणतीही आवृत्ती घेतली तरी एक उणीव राहते: भारतीय वाचकाला ज्याची सर्वाधिक गरज आहे ते त्यात नाही. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील महाभियोगाचा खटला १३ फेब्रुवारी १७८८ रोजी सुरू झाला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्जच्या निर्दोष सुटकेने संपला. म्हणजे हे पुस्तक लिहिले गेले तेव्हा तो चालूच होता आणि बर्क त्यात फिर्यादी पक्षाचा प्रमुख होता. आशियात अनियंत्रित सत्ता हीच रूढी आहे आणि आपण त्या रूढीप्रमाणे वागलो, असा हेस्टिंग्जचा बचाव होता. बर्कने तो साफ धुडकावला. आशियातील लोकांनाही स्वतःचे कायदे आहेत हे त्याने दाखवून दिले, आणि त्यापुढे जाऊन असेही म्हटले की अनियंत्रित सत्ता ही कोणी कोणाला देऊ शकत नाही, कारण राजे आणि प्रजा हे दोघेही त्यांच्या आधीपासून असलेल्या एका अढळ कायद्याला बांधलेले आहेत. वाजवीपणाची जी कसोटी फ्रान्सविषयीच्या पुस्तकात मला सापडली नाही, ती येथे आहे. फेब्रुवारी १७८८ मधील त्याची प्रारंभीची भाषणे सोबत न वाचता फ्रान्सवरचे पुस्तक वाचणारा अर्धाच बर्क वाचतो.

या संदर्भात आपल्या इतिहासातील एक लहानशी हकिकत सांगण्याजोगी आहे. पेशवेपदासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीवर विसंबलेल्या रघुनाथरावाने आपले वकील इंग्लंडला पाठवले होते; त्यांत हणमंतराव हा ब्राह्मण आणि मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ आपल्या मुलासह होते. १७८१ मध्ये लंडनमध्ये त्यांची राहण्याखाण्याची आबाळ होत असल्याचे बर्कला कळले, तेव्हा त्याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि हणमंतरावाला सोवळ्याने स्वयंपाक व नित्यकर्म करता यावे म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. परक्या माणसाच्या आचाराला जागा देण्यासाठी त्या आचाराचे समर्थन करावे लागत नाही, हे बर्कला ठाऊक होते. परंपरेविषयीची ही वृत्ती पुस्तकातील कितीतरी पानांपेक्षा मला अधिक पटते.

खरेदीविषयी थोडे. पेंग्विनची प्रत आकाराने आटोपशीर आहे, पण अक्षर बारीक आहे आणि टिपा पुस्तकाच्या शेवटी दिल्यामुळे लॅटिन अवतरणे, पार्लमेंटमधील व्यक्ती आणि फ्रेंच राष्ट्रीय सभेचे ठराव यांच्यासाठी सारखी मागची पाने उलटावी लागतात. केवळ मूळ मजकूर हवा असेल तर तो प्रोजेक्ट गुटेनबर्गवरील बर्कच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात विनामूल्य मिळतो. मात्र टिपांशिवाय पहिल्या पन्नास पानांतच अडखळायला होते. प्रथमच वाचणाऱ्याने प्राइसला दिलेल्या उत्तराचा भाग सावकाश वाचावा, चर्चच्या मालमत्तेपर्यंत यावे, अर्थव्यवहाराची पाने चाळून पुढे जावे आणि मग वुलस्टनक्राफ्टचे उत्तर हाती घ्यावे. कायद्याचे विद्यार्थी, संविधानाचे अभ्यासक आणि परंपरेच्या नावाने होणाऱ्या वादात कोणत्याही बाजूने उतरणारे यांच्यासाठी पुस्तक अटळ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर त्यासाठी दुसरे पुस्तक शोधावे. शेतकऱ्यांची उपासमार, करांचा बोजा आणि धान्याचे भाव यांविषयी येथे जवळजवळ काहीच नाही.